दूरच्या वर्गाची चावी कोणाकडे?

तंत्रज्ञानाला जात नसते, हे वाक्य आपण हल्ली उठता-बसता ऐकतो. उपग्रह आकाशात असतो, त्याला गावकूस दिसत नाही. पडद्यावरचा शिक्षक कोणाच्या पाटीला शिवत नाही आणि कोणाची पाटी टाळतही नाही. मग दूरशिक्षणात जातीचा प्रश्न आणता कशाला, असे आम्हाला विचारले जाते. विचारणारे अनेकदा भले लोक असतात. काही तर आपलेच असतात.

आमचे उत्तर असे आहे. उपग्रहाला जात नसेल. पण त्याच्याकडून आलेले चित्र ज्या खोलीत उतरते त्या खोलीला पत्ता असतो, आणि आपल्या देशात पत्त्याला जात असते. ती खोली कोणत्या आळीत आहे? तिच्या कुलपाची चावी कोणाकडे आहे? आत बसलेल्या मुलाला नुसते ऐकता येते की बोलताही येते? आणि यंत्र बिघडले तर ते दुरुस्त कोण करतो? हे चार प्रश्न विचारले की दूरशिक्षणाच्या वर्गाचा खरा इतिहास दिसू लागतो. तो उपग्रहांचा इतिहास नाही. तो खोल्यांचा इतिहास आहे.

व्हरांडा हेच आपले पहिले दूरशिक्षण

दूरशिक्षणाचा इतिहास लिहिणारे टपालाने येणाऱ्या धड्यांपासून सुरुवात करतात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, तिथून ते भारतातली मोजणी करतात. आपल्या समाजाने मात्र त्याच्या कितीतरी आधी दूरशिक्षण घेतलेले आहे. शिक्षक वर्गात आणि मूल उंबऱ्याबाहेर, हेही दूरशिक्षणच होते. फक्त ते अंतर मैलांचे नव्हते, विटाळाचे होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्याने दाद मागितल्यावर मुंबई सरकारनेही त्याला न्याय दिला नाही. पुढे कागदावर दारे उघडली. पण जिथे शाळा देवळात भरत असे तिथे आपली मुले बाहेरच राहिली. नियम म्हणत होता प्रवेश आहे, इमारत म्हणत होती नाही.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतले गोणपाट नोंदवून ठेवले आहे. वर्गात बसण्यासाठी गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी घरी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. नळ होता, पण तो शिपायाने सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे आधी हलवले.

हे प्रसंग आपण भाषणांतून शेकडो वेळा ऐकले आहेत. आम्ही त्यांच्याकडे आज वेगळ्या बाजूने पाहायला सांगतो. गोणपाट, नळ, फळा ही सगळी वर्गाची साधने आहेत. शाळेत नळ होता. यादीत लिहायचे तर 'पाण्याची सोय आहे' असेच लिहिले गेले असते. तहानलेल्या मुलाला मात्र पाणी नव्हते. साधन खोलीत असणे एक आणि ते आपल्या हातात असणे दुसरे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये केवढे अंतर असते, ते महाडने शिकवले. दूरशिक्षणाचा पुढचा सगळा इतिहास वाचताना हे अंतर लक्षात ठेवा.

१९७५: गावात आलेली छत्री

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष भारतात एक मोठा प्रयोग झाला. उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीने शिक्षण देण्याचा हा प्रयोग 'साइट' या नावाने ओळखला जातो. कल्पनेमागे विक्रम साराभाई होते, १९६९ साली अमेरिकेच्या नासाशी करार झाला आणि त्यांचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे निवडली गेली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोने मुंबईत तयार केले.

त्या गावांत जे बसवले गेले ते नीट पाहण्यासारखे आहे. सुमारे ३ मीटर व्यासाची छत्री, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, म्हणजे स्वस्त आणि हलकी. उपग्रहाकडून आलेली लहर संचाला कळेल अशी करून देणारी एक पेटी. आणि हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने बनवलेला कृष्णधवल संच. एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवण्याची सोय होती, त्यामुळे एकच चित्र दोन भाषांत ऐकवता येई. वीज नसलेल्या काही गावांसाठी बॅटरीवर चालणारे संच होते. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. बिघडलेले संच दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली होती. खेड्यातल्या यंत्राची दुरुस्ती हा योजनेचा भाग मानला गेला, ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते.

आणखी एक गोष्ट मोठी होती. संच कोणाच्या घरात ठेवला नाही. तो शाळेत, पंचायतीच्या जागेत, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी ठेवला. पाटलाच्या ओसरीवर ठेवला असता तर आपली माणसे अंगणाच्या कडेला उभी राहिली असती. सार्वजनिक जागेत निदान बसण्याचा हक्क सांगता येत होता.

पण तेवढ्याने काम भागते का? सार्वजनिक इमारत म्हणजे सर्वांची इमारत, असे आपल्या गावात कधी होते? शाळा आणि पंचायत गावात, वस्ती गावाबाहेर. सकाळच्या कार्यक्रमाला मूल शाळेत असले तरच ते पाहणार. जे मूल ढोरे राखायला गेले त्याच्यासाठी छत्री असली काय, नसली काय. संध्याकाळी अंधारातून वस्तीपर्यंत परत येण्याचा प्रश्न बाईमाणसासाठी वेगळाच. आणि सगळा कारभार एकतर्फी. वर्ष आणीबाणीचे होते. दिल्ली-अहमदाबादने बोलायचे आणि खेड्याने ऐकायचे. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे त्या संचाला उलट सांगण्याची सोय नव्हती.

वर्ष संपले, उपग्रह परत गेला. काही गावांना नंतर जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांतून कार्यक्रम मिळत राहिले, उरलेल्या पडद्यांवर काहीच उरले नाही. प्रयोग यशस्वी झाला असे जाहीर झाले. प्रयोग यशस्वी होतो तेव्हा त्याची व्यवस्था व्हायला हवी. इथे यशाचा अहवाल झाला.

कपाटातला टीव्ही

१९८०च्या दशकात इन्सॅट आला. सहा राज्यांत शैक्षणिक चित्रवाणीचे काम सुरू झाले आणि या वेळी महाराष्ट्र त्यात होता. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू झाले. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट यंत्रे देण्याची केंद्राची योजना आली. १९८७ पासून खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य असावे, एवढीच तिची मागणी होती. हे दोन आदेश शेजारी ठेवून वाचा. एकीकडे वर्गात उपग्रह आणायचा आणि दुसरीकडे वर्गाला दुसरी खोली मिळावी म्हणून मोहीम काढायची! ज्या शाळेत पाऊस आला की सगळे वर्ग एका कोपऱ्यात सरकतात, तिथे टीव्ही ठेवणार कुठे?

तो कुठे ठेवला गेला, हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आमच्यातला एक कार्यकर्ता ज्या शाळेत शिकला तिथे टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी कपाटात होता. वर भरतकाम केलेला कपडा, खाली कुलूप. तो वर्षातून दोनदा बाहेर निघे, एकदा क्रिकेटच्या सामन्याला आणि एकदा साहेब तपासणीला आले की. तपासणीच्या दिवशी पडदा पुसायचे काम वस्तीतल्या मुलांना मिळे. पडदा पुसणाऱ्यांना पडदा पाहायला मिळाला नाही. तपासणीच्या कागदावर मात्र 'संच उपलब्ध, चालू स्थितीत' असेच लिहिले गेले असणार. साताऱ्याच्या नळाची आठवण येते ती यामुळे.

हे एका शाळेचे पाप नाही. संच देताना वेळापत्रक दिले नाही, वीजबिलाची तरतूद केली नाही, दुरुस्तीचा माणूस नेमला नाही. यंत्र मोडले तर पगारातून कापतील या भीतीने शिक्षकाने ते कुलपात ठेवले. ज्या यंत्राला दुरुस्ती नाही त्याला कुलूप लागते, आणि ज्याला कुलूप लागते त्याची चावी शेवटी गावातल्या वजनदार माणसाकडे जाते. बालचित्रवाणीने मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम केले, आणि २०१७ साली ती बंद पडली. तेव्हा रस्त्यावर कोण उतरले? ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्यापर्यंत पडदाच पोहोचला नव्हता, ते कशाला उतरतील?

ऐकणारे वर्ग आणि बोलणारे वर्ग

आता तिसरा प्रश्न, बोलण्याचा. दूरच्या वर्गातून उलट बोलता येणे ही काही आजची किमया नाही. ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्ज इथे १९५१ साली 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाले. फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या रेडिओ जाळ्यावरून ते चाले. शेकडो मैल पसरलेल्या पशुपालन मळ्यांवरची मुले घरात बसून शिक्षिकेचे ऐकत आणि आपले उत्तर त्याच रेडिओवरून तिला सांगत. आधीच्या काळात तर असे रेडिओ पायाने पेडल मारून वीज तयार करून चालवत. म्हणजे वीज नाही, रस्ता नाही, तरीही मुलाला प्रश्न विचारण्याची सोय करता येत होती. प्रश्न विज्ञानाचा नव्हता. त्या मुलाने बोलावे असे व्यवस्थेला वाटते का, हा होता.

आपल्याकडे ही सोय मोठ्या प्रमाणावर यायला २००४ साल उजाडले. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून एडुसॅट सोडला गेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला हा देशाचा पहिला उपग्रह. सुरुवातीच्या प्रायोगिक प्रकल्पात कर्नाटक आणि मध्य प्रदेशातल्या तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे आपल्यावर ऋण आहे, ते आम्ही मोकळेपणाने मानतो. बारावी न झालेल्याला पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत नेणारे हे विद्यापीठ. अंगणवाडीतली ताई, कारखान्यातला कामगार अशी कितीतरी माणसे रविवारच्या संपर्क वर्गाला बसून पदवीधर झाली. त्यांत आपली माणसे किती आहेत ते आपल्या वस्तीत मोजून पाहा.

एडुसॅटच्या वर्गखोल्या दोन प्रकारच्या होत्या. एका प्रकारात छपरावर डिश, खोलीत संगणक, कॅमेरा, माइक, प्रोजेक्टर आणि वीज गेली तर साथ देणारी बॅटरी. या वर्गातल्या विद्यार्थ्याला शंका विचारता येत होती आणि ती इतर केंद्रांनाही ऐकू जात होती. दुसऱ्या प्रकारात डिश, सेटटॉप बॉक्स आणि टीव्ही. इथे फक्त पाहायचे आणि ऐकायचे. पहिला प्रकार महाग, म्हणून थोड्या ठिकाणी. दुसरा स्वस्त, म्हणून जास्त ठिकाणी.

खर्चाचा हिशोब आम्हाला कळतो. पण बोलता येणारी खोली पैसा, इमारत आणि वीज जिथे आधीच आहे तिथे जाते, आणि नुसती ऐकणारी खोली उरलेल्यांच्या वाट्याला येते. कोणी मुद्दाम तसे ठरवले असे आम्ही म्हणत नाही. कोणी न ठरवताही ते तसेच होते, हाच तर जातीव्यवस्थेचा गुण आहे. शतकानुशतके एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, अशी विभागणी या देशात होती. नवी यंत्रे आणताना ती विभागणी जाणीवपूर्वक मोडली नाही, तर यंत्रे तिच्यातच जाऊन बसतात.

२०२०: वर्ग घरात ढकलला

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा झाली. दीक्षा अॅप होते, व्हॉट्सअॅपवर येणारे धडे होते, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका होती. शिक्षकांनी मनापासून कष्ट केले, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण या गडबडीत एक फार मोठा बदल कोणी न बोलता होऊन गेला. आजवर वर्गखोली देण्याची जबाबदारी सरकारची होती. आता ती कुटुंबाची झाली. खोली तुमची, मोबाइल तुमचा, रिचार्ज तुमचा, वीज तुमची. सरकारने फक्त धडा पाठवायचा. १९७५ साली निदान पडदा तरी सार्वजनिक होता. ४५ वर्षांनी तो खाजगी झाला.

घर म्हणजे वर्ग नव्हे, हे सरकारला माहीत नव्हते का? सरकारच्याच २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १०० घरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक पाचांतही नव्हता. ही सगळ्या समाजांची मिळून सरासरी. आपली वस्ती या सरासरीच्या कोणत्या बाजूला असते, ते सांगायला पाहणी लागत नाही.

१ जून २०२० रोजी केरळात व्हिक्टर्स वाहिनीवरून शाळेचे वर्ग सुरू झाले. ही तीच वाहिनी जी २००५ साली एडुसॅटच्या आधारे राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाली होती. साक्षरतेत देशात पहिले राज्य, तयारीही इतरांपेक्षा चांगली. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित मुलीने आत्महत्या केली. बाप रोजंदारीवर राबणारा. घरातला टीव्ही बंद पडला होता, दुरुस्तीला पैसे नव्हते, स्मार्टफोन नव्हता. एका टीव्हीची दुरुस्ती! १९७५ साली जी दुरुस्ती राज्याची जबाबदारी मानली गेली होती, ती २०२० साली रोजंदारीवाल्या बापाच्या डोक्यावर होती. त्या घटनेनंतर तिथे ग्रंथालयांत, अंगणवाड्यांत टीव्ही बसवून मुलांना एकत्र पाहण्याची सोय करण्याचे काम वेगाने झाले. म्हणजे उपाय ठाऊक होता आणि तो शक्यही होता. फक्त तो आधी सुचला नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब. जागा आणि शांतता मिळावी म्हणून रामजीबाबा भिवाला रात्री दोन वाजता उठवत. आणि शाळा सुटल्यावर हा मुलगा वाचत बसे तो चर्नी रोडच्या बागेत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. घराने जे देता आले नाही ते एका सार्वजनिक बागेतल्या बाकाने दिले. हा बाकडा आम्हाला कोणत्याही अॅपपेक्षा मोठा वाटतो.

'ऑनलाइनमध्ये विटाळ नाही'

आता एक आक्षेप. काही मित्र म्हणतात, ऑनलाइन वर्गात कोणी कोणाच्या शेजारी बसत नाही, म्हणून तिथे अस्पृश्यता उरत नाही. उलट आपल्या मुलांना अपमानाशिवाय शिकता येईल. आज मोबाइलही घरोघरी आला आहे, मग तक्रार कशाची?

अपमानाविना शिकावे ही इच्छा आम्हालाही आहे. पण पडद्यावर मुलाच्या चेहऱ्याखाली त्याचे आडनाव लिहिलेले असते, हे विसरू नका. २०२१ साली देशातल्या एका नामांकित अभियांत्रिकी संस्थेच्या ऑनलाइन वर्गात एका प्राध्यापिकेने अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना शिवीगाळ केल्याची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली. विटाळाला हाताचा स्पर्श लागतच नाही, तो जिभेनेही होतो. आणि मोबाइल घरोघरी आला म्हणता, पण तो कामावर जाताना बाप बरोबर नेतो, आणि घरात दोन मुले असली तर पहिला हक्क भावाचा, मग बहिणीचा. घरात यंत्र असले तरी चावीचा प्रश्न सुटत नाही, तो घरात शिरतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. एकत्र बसणे ही शिक्षणातली अडचण नाही, ते शिक्षणच आहे. आपल्या मुलांना वेगळे बसवले जात होते म्हणून आपण लढलो. आता प्रत्येकाला आपापल्या घरात वेगळे बसवून कोणी त्याला समता म्हणत असेल तर ती आम्हाला नको.

मग मागायचे काय?

आम्ही दूरशिक्षणाच्या विरोधात नाही. ज्यांना शाळेने बाहेर ठेवले त्यांच्यासाठी ते दार आहे. पण दार भिंतीत असावे लागते, भिंत खोलीला असावी लागते. म्हणून आमची मागणी यंत्राआधी खोलीची आहे.

पहिली गोष्ट जागेची. दलित वस्ती सुधार योजनेतून गावोगाव समाजमंदिरे बांधली गेली. अनेक ठिकाणी बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात. मोठा पडदा, मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, इन्व्हर्टर आणि इंटरनेट असलेली एक खोली तिथे द्या. ती वस्तीत असेल, पण सर्व जातींच्या मुलांना खुली असेल. गावातली मुले वस्तीत शिकायला आली तर काय बिघडेल? दुसरी गोष्ट चावीची. ती वस्तीतल्या पालकांच्या समितीकडे असावी, आणि त्या समितीत निम्म्या बायका असाव्यात. तिसरी गोष्ट माइकची. नुसती ऐकणारी खोली स्वीकारू नका. आज साध्या कॅमेऱ्याने आणि माइकने मूल उलट प्रश्न विचारू शकते, आता खर्चाची सबब चालणार नाही. चौथी गोष्ट दुरुस्तीची. यंत्र देणाऱ्या आदेशातच दुरुस्तीचा माणूस, मुदत आणि पैसा लिहिलेला असला पाहिजे. अनुसूचित जातींच्या विकासासाठी ठेवलेला निधी दरवर्षी अखर्चित राहतो किंवा भलतीकडे वळतो, अशी ओरड आपण करतो. तो कुठे लावायचा हे आता नेमके सांगू या.

यासाठी आंदोलनाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या गावच्या शाळेत जा आणि डिजिटल साहित्याची नोंदवही मागा. यादीतला संच दाखवा म्हणा. तो सुरू करून दाखवा म्हणा. वस्तीतल्या मुलीला त्याच्यासमोर बसवा आणि तिला प्रश्न विचारू द्या. तळे तर कागदावर कधीच खुले झाले होते. पाण्यापर्यंत चालत जाणे बाकी होते.

जय भीम!